देवमाशाचा हात आणि बकरीचा घोटा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील अकरा मुलांना घेऊन आम्ही बडोद्यास गेलो होतो. महाराज सयाजीराव गायकवाडांनी तेथे उभारलेल्या वस्तुसंग्रहालयात एका निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. हा प्राणी १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. त्याची लांबी सुमारे ७२ फूट! आमची मुले त्याच्याखाली उभी राहिली आणि बराच वेळ एकाही मुलाच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती शांतता आम्हांस मोलाची वाटली आणि तिचा लाभ घ्यावा म्हणून आम्ही योना संदेष्ट्याची कथा सांगण्यास आरंभ केला. "अशाच एका माशाच्या पोटात योना तीन दिवस नि तीन रात्री होता," असे आम्ही म्हणतो न म्हणतो तोच सहावीतला एक मुलगा म्हणाला, "फादर, हा मासा आहे तर मग ह्याला हात कशाला?"

आम्ही वर पाहिले. छातीच्या बाजूस जेथे वल्ह्यासारखा पर असावयाचा, तेथे खरोखरच हात होता. आधी खांद्याचे रुंद पाते, मग दंडाचे आखूड पण भक्कम एक हाड, त्यापुढे कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे, आणि पुढे बोटे. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविद्या शिकलो, लॅटिन शिकलो. परंतु ह्या पोराच्या प्रश्नाचे नीट उत्तर त्या क्षणी आमच्यापाशी नव्हते. "घरी गेल्यावर सांगू," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. देवमासा हा मासा नव्हे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. पवित्र शास्त्रातही योनाच्या पुस्तकात 'मोठा मासा' एवढेच म्हटले आहे. देवमासा हा शब्द आपण आपल्या जिभेने त्यात घातला. पण ठाऊक असणे वेगळे आणि सांगताना ते ध्यानात असणे वेगळे. चूक आमची होती, आणि ती एका बारा वर्षांच्या मुलाने पकडली होती.

घरी आल्यावर आम्ही पुस्तके काढली. त्यांतून जे हाती लागले ते मुलांना सांगितलेच. परंतु त्या मुलाचे वडील पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्हांस भेटावयास आले, त्यामुळे ते येथेही लिहिणे आवश्यक झाले आहे. त्यांचे म्हणणे काय होते ते यथावकाश सांगू. आधी हाडांचे पाहू.

वाचकहो, आपला उजवा हात समोर धरा आणि डाव्या हाताने तो चाचपून पाहा. खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड लागते. कोपराच्या खाली दोन हाडे लागतात. पंजा उलटासुलटा करताना त्यांतील एक दुसऱ्यावरून फिरते. मग मनगटात लहान लहान खड्यांसारखी हाडे, मग तळव्याची लांब हाडे आणि शेवटी बोटांची पेरी. एक, दोन, पुष्कळ खडे, मग बोटे, एवढा क्रम ध्यानात ठेवा. गोठ्यातील बैलाच्या पुढच्या पायात हाच क्रम आहे. चिंचेला उलट्या टांगलेल्या वटवाघळाच्या पंखात तोच आहे. मांजराच्या पंजात, उंदराच्या पायात, घोड्याच्या टापेच्या वर आणि बडोद्याच्या त्या देवमाशाच्या वल्ह्यातही तोच.

फरक आहे तो प्रमाणाचा. वटवाघळाची चार बोटे अंगाच्या मानाने विलक्षण लांब झाली आहेत आणि छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे तशी त्यांच्यावर कातडी ताणलेली आहे. अंगठा मात्र आखूड व मोकळा राहिला. त्याच्या नखाने ते झाडाला धरून सरकते. बैलाचे उलट आहे. तो आपल्या हाताच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या नखांवर उभा असतो. खूर म्हणजे त्याचे नख. त्या दोन खुरांच्या मागे वर दोन लहान खुऱ्या लोंबत असतात ना? ती त्याची दुसरी आणि पाचवी बोटे, आता जमिनीला न टेकणारी. अंगठा तर नाहीच. घोड्याने आणखी पुढची मजल मारली. तो एकेका पायाच्या एकाच मधल्या बोटावर दौडतो. बैलाच्या मागच्या पायात अर्ध्या उंचीवर जो सांधा मागच्या बाजूस वळलेला दिसतो, त्यास आपण गुडघा समजतो व हा प्राणी उलट्या गुडघ्याचा कसा म्हणून नवल करतो. तो गुडघा नव्हेच, ती त्याची टाच आहे. खरा गुडघा वर पोटाशी लागून असतो. बैल जन्मभर चवड्यावर, किंबहुना नखांवर चालतो.

देवमाशाच्या हातात बोटे कातडीच्या एका पिशवीत बांधली गेली. कोपर वाकत नाही, मनगट वाकत नाही. वल्हे वाकून कसे चालेल? बोटांची पेरी मात्र वाढली. आपल्या बोटाला तीन पेरी आणि अंगठ्याला दोन. काही देवमाशांच्या एकाच बोटात दहाहून अधिक पेरी आढळतात. निळ्या देवमाशाच्या कुळात बोटे चारच असतात, परंतु इतर काही देवमाशांत पाचही आहेत.

मानेची गोष्ट ह्याहून गमतीची आहे. माणसाच्या मानेत सात मणके असतात. उंदराच्याही मानेत सात. जिराफाची मान पुरुषभर उंच, तरी तीतही सातच, पण एकेक मणका वीतभराहून लांब. देवमाशाला बाहेरून मान दिसतच नाही. आत पाहावे तर तेथेही सात मणके आहेत, भाकऱ्यांची चळत रचावी तसे चपटे होऊन एकमेकांना भिडलेले, आणि काही जातींत तर एकमेकांशी जुळून गेलेले. सस्तन प्राण्यांत ह्या सातांच्या नियमाला स्लॉथ नावाचा अमेरिकेतील झाडावर राहणारा आळशी प्राणी आणि मॅनेटी नावाची समुद्रगाय एवढेच काय ते अपवाद. पक्ष्यांना हा नियम लागू नाही. हंसाच्या मानेत वीसाहून अधिक मणके असतात, म्हणून ती इतकी सहज वळते. जिराफाला पाणी पिताना मात्र पुढचे पाय फाकवून ओणवे व्हावे लागते. नव्याने घर बांधणारा गवंडी असे करणार नाही. जुन्या वाशांवरच घर वाढवणाऱ्याला ते करावे लागते.

हाडांची अशी ताडातोड करण्याची कल्पना जुनी आहे. प्येर बेलाँ नावाच्या एका फ्रेंच विद्वानाने १५५५ साली पक्ष्यांविषयी ग्रंथ छापला. त्यात त्याने माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी उभा करून दाखवला आणि जुळणाऱ्या हाडांना सारखीच अक्षरे दिली. पुढे पॅरिसमध्ये जॉर्ज क्युविए (१७६९ ते १८३२) ह्यांनी ह्या विद्येस शास्त्राचे रूप दिले. प्राण्याचे दात, पाय, जबडा आणि पोट ही एकमेकांस धरून असतात, एकावरून दुसऱ्याचा तर्क करता येतो, असे ते सांगत. पॅरिसजवळच्या खाणीतील दगडात एका लहान प्राण्याचा सांगाडा सापडला होता. त्याचे दात व जबडा पाहून क्युविए म्हणाले की हा पिलांना पोटपिशवीत वाढवणाऱ्या जातीचा असला पाहिजे, आणि तसे असेल तर ओटीपोटाशी दोन जादा हाडे असलीच पाहिजेत. मग त्यांनी साक्षीदारांसमक्ष दगड कोरला. हाडे होती! तथापि एका जातीपासून दुसरी जात होते हे क्युविए ह्यांना कधीच मान्य नव्हते. इंग्लंडात रिचर्ड ओवेन ह्यांनी १८४९ साली हातापायांच्या ह्या सारखेपणावर एक पुस्तकच लिहिले. हे साम्य का असावे ह्याचे आज मान्य असलेले उत्तर चार्ल्स डार्विन ह्यांनी १८५९ साली दिले: ज्यांच्या हाडांची मांडणी एक, त्यांचा पूर्वज एक. वडिलोपार्जित एकच वाडा वाटणीला आला, आणि ज्याने त्याने आपापल्या धंद्याप्रमाणे त्याच्या खोल्या लहानमोठ्या करून घेतल्या.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहीतर फसगत होते. बाहेरचे साम्य हे नात्याचा पुरावा नव्हे. मोरी माशाला पर आहे, देवमाशालाही आहे. दुरून दोन्ही सारखेच दिसतात. पण आपल्या भगिनी मोरी चिरताना पाहतात की तिच्या परात दंड नाही, कोपर नाही, बोटे नाहीत. तिच्या अंगात तर खरे हाडच नाही, सारे कूर्चेचे. पाणी कापावयाचे काम एक, म्हणून आकार एक झाला. त्याचप्रमाणे कोंबडीचा पंख आणि वटवाघळाचा पंख दोन्ही हातापासूनच झाले हे खरे. पण कोंबडीने बोटे मिटवून पिसांवर भिस्त ठेवली आणि वटवाघळाने बोटेच ताणली. उडण्याची कला ही दोन घराण्यांनी स्वतंत्रपणे कमावलेली आहे. बाहेरचे रूप धंद्याने ठरते. घराणे पाहावयाचे तर कातडीच्या आत जावे लागते.

आता देवमाशाचे घराणे. तो हवेत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते. पण सांगाडा त्याहून अधिक बोलतो. आपल्या अंगणातील कुत्रे भरधाव धावताना पाहा: त्याचा कणा वरखाली वाकतो, धनुष्यासारखा. पाल पळते तेव्हा तिचा कणा डावीउजवीकडे वळतो आणि मासाही तसाच डावीउजवीकडे शेपूट मारतो. देवमासा शेपूट वरखाली मारतो! म्हणून त्याची शेपटी आडवी, माशाची उभी. तो पाण्यात पोहतो खरा, पण त्याचा कणा चौखूर धावणाऱ्या जनावराचा आहे. शिवाय शेपटीच्या पुढे, मांसात रुतलेली, कण्याशी न जोडलेली दोन लहान हाडे असतात. ती कमरेची हाडे होत. ती अगदीच निरुपयोगी आहेत असे मात्र नव्हे. प्रजोत्पादनाच्या इंद्रियांचे स्नायू त्यांना धरून असतात. परंतु पाय पेलण्याचे त्यांचे मूळ काम संपले आहे.

तर मग तो पूर्वी चालत होता. पण कोणाच्या कुळातला? ह्या प्रश्नावर विद्वानांत तीस-पस्तीस वर्षे वाद चालला होता, आणि आम्हांस ह्या साऱ्या विषयात सर्वांत अधिक मोल वाटले ते ह्या वादाच्या निकालाचे.

१९६६ साली लेह व्हॅन वेलन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे मांडले की देवमाशांचे पूर्वज मेसोनिकिड नावाच्या, आता नामशेष झालेल्या, मांसाहारी पण खुरे असलेल्या प्राण्यांत होते. आधार दातांचा. प्राचीन देवमाशांचे त्रिकोणी दात आणि ह्या प्राण्यांचे दात फार सारखे होते. मिशिगन विद्यापीठाचे फिलिप गिंगरिच ह्यांनी हे मत उचलून धरले. हे काही खुर्चीत बसून बोलणारे गृहस्थ नव्हेत. पाकिस्तानात उन्हातान्हात हिंडून त्यांनी सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशाची कवटी शोधली आणि १९८१ साली सहकाऱ्यासह तिला पाकिसेटस हे नाव दिले. पुढे १९९० नंतरच्या दशकात रक्तपेशींतील वंशद्रव्याची तुलना करणारे दुसरे शास्त्रज्ञ पुढे आले. ते म्हणाले, "दात राहू द्या. देवमाशाचा जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे, आणि मग गाय, बकरी, डुक्कर हे समखुरी प्राणी." हाडे पाहणाऱ्यांना हे पटेना. दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही प्रामाणिक, आणि दोघेही एकाच वेळी बरोबर असणे शक्य नव्हते.

निकाल लागला तो एका घोट्याच्या हाडाने. सणाला घरी मटण होते तेव्हा बकरीच्या मागच्या पायाच्या सांध्यातून एक हाड सुटे निघते. सुपारीहून मोठे, चौकोनी, कमरेत बारीक. ते पुसून उजेडात धरा. त्याच्या वरच्या टोकाला विहिरीच्या कप्पीसारखी खाच असते, आणि खालच्या टोकालाही तशीच दुसरी कप्पी असते. माणसाच्या घोट्याच्या हाडाला कप्पी एकच, वरची. खालचा भाग गोल डोक्यासारखा. कुत्र्याचेही तसेच. घोड्याला वर खोल कप्पी आहे, पण खाली सपाट. दोन्ही टोकांना कप्पी ही फक्त समखुरी प्राण्यांची खूण: गाय, म्हैस, बकरी, डुक्कर, हरीण, उंट, पाणघोडा. अशा घोट्याने पाय पुढेमागे चपळ हलतो, आडवा मुरगळत नाही. धावणाऱ्याला ह्याहून चांगला सांधा मिळणे कठीण. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक ह्या हाडांचे फासे करून खेळत.

प्रश्न एवढाच की देवमाशाला घोटा कोठून आणावयाचा? त्यासाठी अजून पाय न गळालेला देवमासा हवा होता. तो बलुचिस्तानात सापडला. २००० साली गिंगरिच ह्यांच्या चमूला तेथे सुमारे ४ कोटी ७० लक्ष वर्षांपूर्वीच्या दोन प्राचीन देवमाशांचे सांगाडे मिळाले, आणि त्यांत घोट्याची हाडेही होती. हाडाच्या दोन्ही टोकांना कप्पी होती! ज्या मताचा त्यांनी वर्षानुवर्षे पुरस्कार केला, ते त्यांच्याच हातातील ह्या एका हाडाने मोडून पडले. सप्टेंबर २००१ मध्ये त्यांनी ते जगासमोर मांडले आणि आपले आधीचे मत चुकीचे होते, हे मान्य केले. त्याच आठवड्याच्या सुमारास हान्स थेविसन ह्यांच्या चमूनेही पाकिसेटसच्या कुळातील घोटे प्रसिद्ध केले. त्यांवरून निघणारा निष्कर्षही हाच होता.

ह्या कथेत आपल्या देशाचाही भाग आहे. ए. रंगा राव ह्या भारतीय भूशास्त्रज्ञाने जम्मू भागात राजौरी जिल्ह्यातील कालाकोट येथे काही दात व जबड्याचे तुकडे गोळा केले आणि १९७१ साली त्या प्राण्याला इंडोह्यूस असे नाव दिले. त्यांनी आणलेले पुष्कळ दगड मात्र फोडावयाचे राहून गेले आणि मध्यंतरी ते स्वतः निवर्तले. त्यांच्या पत्नीने ते दगड जपून ठेवले व पुढे थेविसन ह्यांच्या स्वाधीन केले. त्यांच्या प्रयोगशाळेत साफसफाई करताना एका कवटीचा कानाचा भाग चुकून तुटला. तुटला म्हणून आत दिसले! कानाच्या हाडाच्या आतल्या कडेला एक जाड वळी होती. अशी वळी तोवर केवळ देवमाशांच्या कानात पाहिलेली होती. मांजराएवढा हा प्राणी, पायांना खुरे, घोट्याला दोन कप्प्या आणि कान देवमाशाचा. त्याच्या पायांची हाडे भरीव व जड होती, पाण्याच्या तळाशी चालणाऱ्या पाणघोड्याची असतात तशी. म्हणजे हा ओढ्याकाठचा प्राणी भय वाटताच पाण्यात शिरत असावा. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. इंडोह्यूस मात्र सर्वांत जुन्या देवमाशांहून थोडा अलीकडचा आहे. तेव्हा तो देवमाशांचा आजोबा नव्हे, तर त्या घराण्याची चुलत शाखा म्हणावयाची.

आणि बडोद्याच्याच मुलुखात, कच्छमध्ये, जेथे त्या काळी उथळ समुद्र होता, तेथील खडकांत अशोक साहनी आणि विजय मिश्र ह्यांनी १९७५ साली प्राचीन देवमाशांची नोंद केली. पुढे २००० साली सुनील बाजपेयी व थेविसन ह्यांनी तेथूनच कच्छिसेटस नावाचा एक लहानसा देवमासा वर्णिला: आखूड पाय आणि पाणमांजरासारखी लांब, बळकट शेपूट. ओढ्याकाठच्या खुरांपासून बडोद्याच्या त्या ७२ फुटी सांगाड्यापर्यंतच्या वाटेवरचे हे मधले मुक्काम होत.

आता त्या मुलाच्या वडिलांविषयी. ते शेतकरी आहेत, देवभीरू आहेत आणि आमच्यावर त्यांचा फार लोभ आहे. ते म्हणाले, "फादर, पोरगा घरी येऊन म्हणतो, देवमासा पूर्वी चालत होता. मग उद्या माणसाविषयीही असेच म्हणेल. हे पुस्तक त्याला वाचू देऊ की नको? पाप तर नाही ना?" त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मुलगा शाळेत काय शिकतो आणि घरी काय ऐकतो ह्यांत दरी पडली, तर बहुधा तो एक दिवस दोहोंपैकी एक सोडून देतो. आणि काय सोडील ते आईबापांच्या हाती राहत नाही.

आम्ही त्यांना सांगितले की पोप बारावे पायस ह्यांनी १९५० साली आपल्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्पत्तीविषयी असा शोध व चर्चा करण्यास मोकळीक दिली आहे. आत्मा मात्र साक्षात परमेश्वराकडून येतो, ही श्रद्धा आपण धरून राहावयाची. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९६ साली विज्ञानाच्या पोपप्रणीत अकादमीस लिहिताना हा विचार आता नुसता तर्क राहिलेला नाही, असेच म्हटले. पुस्तक त्याला अवश्य वाचू द्या. बापाने मान डोलावली. पण त्यांचे पुरते समाधान झाले असे आम्हांस वाटले नाही, आणि ते साहजिकच होते. परिपत्रकांनी लहानपणापासूनची चित्रे एका सकाळी बदलत नसतात.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बापलेक दोघेही आमच्याकडे आले. मुलाच्या मुठीत रुमालात गुंडाळलेले काहीतरी होते. घरी बकरा कापला होता, आणि बापाने स्वतः मागच्या पायाचा सांधा सोडवून ते हाड काढून दिले होते. चुन्याच्या पाण्यात ठेवून त्यांनी ते पांढरेशुभ्र केले होते. बापाने ते आमच्या मेजावर ठेवले, एका टोकावर बोट ठेवले, मग दुसऱ्या टोकावर, आणि म्हणाले, "दोन आहेत, फादर. मी मोजल्या."